एक घास, एक घोट : पाणी न पिणाऱ्या उंदराचं प्रकरण

पिंजऱ्याच्या कोपऱ्यात एक पांढरा उंदीर बसला आहे. पाठीची कमान झालेली, केस विस्कटलेले. उंदीर हा फार टापटिपीचा प्राणी. जागेपणीचा बराचसा वेळ अंग चाटण्यात घालवतो. याने दोन दिवसांत एकदाही अंग चाटलेलं नाही. पाण्याची बाटली पिंजऱ्याला उलटी टांगली आहे, तिची नळी त्याच्या नाकापासून बोटभर अंतरावर. नळीच्या टोकाशी थेंब जमलेला दिसतो. उंदीर तिकडे वळत नाही. ड्रॉपरने पाणी थेट तोंडात सोडलं तर ते हनुवटीवरून ओघळून छातीवरचे केस भिजवतं. मिशांना बोट लावलं तरी मान फिरत नाही. अंगातलं पाणी तासातासाला कमी होत आहे, रक्तातले क्षार वाढत आहेत. काही दिवसांत हा प्राणी पाण्याच्या शेजारी बसून पाण्याविना मरणार, हे नक्की.

‘तहानेने मरणार’ असं मात्र मला लिहिता येत नाही. हे सगळं प्रकरण त्या एका शब्दावर अडलेलं आहे. पाणी पीत नाही, एवढंच आपल्याला दिसतं. तहान दिसत नाही. तहान विझली म्हणून तो पीत नाही, की तहान लागूनही त्याचं अंग उठत नाही? दोन्हींचा शेवट पिंजऱ्यात एकच दिसतो, आणि म्हणूनच शरीरक्रियाशास्त्राला हा गुंता सोडवायला जवळजवळ तीस वर्षं लागली. आजही तो पूर्ण सुटला आहे असं मी म्हणणार नाही, पण त्यातून जे हाती लागलं ते फार मोलाचं आहे.

वर वर्णन केलेला उंदीर कुणी एकच नाही. १९५०च्या दशकापासून अनेक प्रयोगशाळांनी ज्याचं जवळजवळ सारखंच वर्णन लिहून ठेवलं, तो हा उंदीर. त्याच्यावर झालेली शस्त्रक्रिया अगदी छोटी. मेंदूच्या तळाशी, पिट्युटरी ग्रंथीच्या बरोबर वर, हायपोथॅलॅमस नावाचा भाग असतो. माणसात त्याचं वजन जेमतेम चार ग्रॅम. उंदरात तो काही मिलिमीटरांत संपतो. शरीराचं तापमान, भूक, पाणी, झोप, प्रजनन, अनेक संप्रेरकं, एवढ्या सगळ्याचा कारभार या चिमुकल्या जागेतून चालतो. गुंगी दिलेल्या उंदराचं डोकं चौकटीत घट्ट धरून, टोक सोडून बाकी सगळीकडे वीजरोधक लेप दिलेली बारीक तार हायपोथॅलॅमसच्या अगदी बाहेरच्या कडेला उतरवायची, थोडा वेळ वीजप्रवाह सोडायचा, आणि तिथला ठिपक्याएवढा भाग जाळायचा. डावीकडे एक ठिपका, उजवीकडे एक. एकाच बाजूला जाळलं तर उंदीर खात-पीत राहतो. दोन्हीकडे जाळलं की वरचं चित्र.

हा ठिपका पहिल्यांदा नेमका सापडला तो बाळकृष्ण आनंद यांना. लाहोरमध्ये जन्मलेले आनंद दिल्लीहून फेलोशिपवर अमेरिकेत येल विद्यापीठात गेले होते आणि जॉन ब्रोबेक यांच्या प्रयोगशाळेत काम करत होते. हेदरिंग्टन आणि रॅन्सन यांनी १९४० मध्ये दाखवलं होतं की हायपोथॅलॅमसचा मधला भाग जाळला तर उंदीर खात सुटतो आणि फुगून दुप्पट होतो. आनंद आणि ब्रोबेक यांनी त्याच पातळीवर थोडं बाजूला सरकून पाहिलं, आणि नेमकं उलटं घडलं: खाणं पूर्ण बंद, मरेपर्यंत बंद. १९५१ मध्ये त्यांनी या जागेला ‘भूक-केंद्र’ म्हटलं. परत येऊन आनंद दिल्लीच्या एम्समध्ये शरीरक्रियाशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले, आणि तिथेही हायपोथॅलॅमसवरचं काम त्यांनी सोडलं नाही. ग्लुकोज दिल्यावर या भागातल्या विद्युत हालचाली कशा बदलतात याचा त्यांच्या गटाचा १९६२चा निबंध ‘सायन्स’मध्ये आहे. आपल्याकडच्या शरीरक्रियाशास्त्राच्या वर्गात हे नाव पुरेसं घेतलं जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

तर १९५०च्या दशकातलं चित्र असं होतं: मध्ये ‘पोट भरलं’ सांगणारं केंद्र, कडेला ‘भूक लागली’ सांगणारं केंद्र, आणि तिथेच कुठेतरी तहानेचंही. लहानपणीच्या गोष्टीत आई प्रवासाला निघालेल्या मुलाच्या पुरचुंडीत तहानलाडू आणि भूकलाडू बांधून देते. मेंदूतही तसंच, प्रत्येक गरजेचा एकेक लाडू ठरलेल्या जागी ठेवलेला. लाडू जाळला की गरज गेली. चित्र इतकं सुबक होतं की ते खोटं असेल अशी शंका येणं अवघडच होतं.

नळीने जगवलेले उंदीर

ही सुबक मांडणी पहिल्यांदा हलली ती कुठल्याही नव्या उपकरणामुळे नाही, शुश्रूषेमुळे. फिलिप टायटेलबॉम आणि एलियट स्टेलर यांनी १९५४ मध्ये एक साधी गोष्ट केली. शस्त्रक्रियेनंतर उंदीर मरू दिले नाहीत. तोंडातून थेट जठरात बारीक नळी घालून त्यांना पातळ अन्न आणि पाणी देत राहिले, दिवसामागून दिवस. आणि ज्या प्राण्यांचं खाणं-पिणं ‘कायमचं’ गेलं म्हणून जाहीर झालं होतं, ते हळूहळू पुन्हा खाऊ लागले. कुणी काही दिवसांत, कुणी कित्येक आठवड्यांनी.

मेलेल्या उंदराने एवढंच सांगितलं असतं की इथे काहीतरी आवश्यक आहे. जगवलेल्या उंदराने काय गेलं, काय राहिलं आणि काय कोणत्या क्रमाने परतलं ते सांगितलं. टायटेलबॉम यांनी पुढे ॲलन एपस्टाइन यांच्याबरोबर हा क्रम बारकाईने नोंदवला आणि १९६२ मध्ये प्रसिद्ध केला. पहिल्या टप्प्यात काहीच नको. तोंडाला लावलेलं अन्नही बाहेर टाकायचं. दुसऱ्यात ओलं आणि चविष्ट असेल तर थोडं चाखायचं, दूध किंवा चॉकलेट, पण जगण्यापुरतं नाही. पाण्याला तोंड नाहीच.

तिसरा टप्पा मला सगळ्यांत जास्त शिकवून जातो, म्हणून तिथे जरा थांबतो. आता उंदीर ओलं, पातळ अन्न पोटभर खातो, उष्मांकही बरोबर मोजून घेतो. वजन टिकतं. मग त्याच्यापुढे नेहमीच्या कोरड्या गोळ्या आणि साध्या पाण्याची बाटली ठेवली तर? पाणी पीत नाही, गोळ्याही खात नाही, पुन्हा खंगायला लागतो. घाईत पाहणारा लिहील, ‘भूक पुन्हा गेली’. पण याच उंदराला नळीने पोटात नुसतं पाणी दिलं, तर तो त्याच कोरड्या गोळ्या खातो. पाण्यात सॅकरिन घालून गोड केलं, ज्यात उष्मांक शून्य, तर तो ते गोड पाणी पितो आणि गोळ्याही खातो. म्हणजे भूक जागेवर आहे. अडलं आहे ते पाण्यापाशी. कोरड्या तोंडाने शिळ्या भाकरीचा तुकडा गिळून पाहा, घास घशातच फिरतो. ज्याला इतकी वर्षं न खाण्याचा रोग समजलं गेलं, त्याचा मोठा भाग न पिण्याचा होता.

आणि न पिण्याचा तरी कशाचा? साधं पाणी नको, गोड पाणी हवं. तहान असेल तर साधं पाणी चालायला हवं. नसेल तर गोडही नको. हा उंदीर गोडीसाठी पीत होता, आणि पाणी त्याबरोबर आत जात होतं.

चौथ्या टप्प्यात उंदीर बरा झालेला दिसतो. कोरड्या गोळ्या खातो, साधं पाणी पितो, वजन धरतो. पाहुण्याला दाखवला तर फरक सांगता येणार नाही. पण जवळ बसून पाहिलं की दिसतं: एक घास, एक घोट. पुन्हा एक घास, पुन्हा एक घोट. गोळीचा तुकडा चावतो, नळीशी जाऊन चिमूटभर पाणी घेतो, परत गोळीकडे. धडधाकट उंदीर असं करत नाही; तो खाऊन घेतो आणि मग एकदम बरंच पितो. अशी घासाघोटाची सवय आणखी एका उंदरात दिसते: ज्याच्या लाळग्रंथी काढून टाकल्या आहेत त्याच्यात. एपस्टाइन आणि सहकाऱ्यांनी ते १९६४ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं. घास ओला करायला लाळ नाही, म्हणून पाणी. आपला बरा झालेला उंदीरही तेच करत होता. अन्न काढून घेतलं की त्याचं पाणी पिणं जवळजवळ थांबायचं. मिठाचं तीव्र द्रावण टोचून रक्त खारट केलं, ज्यावर साधा उंदीर लगेच नळीशी धावतो, तर हा तिथेच बसून राहायचा.

एपस्टाइन आणि टायटेलबॉम यांनी याचा अर्थ सरळ लावला: पिणं परतलं, तहान परतली नाही. कित्येक वर्षं हाच अर्थ पाठ्यपुस्तकांत राहिला. याला एक जोडही मिळाली. टायटेलबॉम, चेंग आणि रोझिन यांनी १९६९ मध्ये दाखवलं की उंदराचं पिल्लू दूध सोडून खायला-प्यायला शिकतं तेव्हा याच पायऱ्या याच क्रमाने चढतं. जाळलेला मेंदू जणू बाळपणापासून पुन्हा सुरुवात करत होता.

घाटातली दरड

इतकं सगळं चालू असताना एक खटकणारी गोष्ट सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. हे उंदीर हलत नव्हते. सुस्त पडून राहायचे, अवघडलेल्या स्थितीत ठेवले तर तसेच राहायचे, स्पर्शाला दाद द्यायचे नाहीत. बहुतेकांनी त्याला शस्त्रक्रियेचा अशक्तपणा मानलं. भूक-तहान मोजायची होती, हालचाल नाही. म्हणून हालचालीच्या नोंदी वहीच्या समासात राहिल्या.

पीटर मॉर्गेन यांनी १९६१ मध्येच सुचवलं होतं की या जागेतून आरपार जाणारे चेतातंतू तुटल्यामुळेही हे घडत असेल. हायपोथॅलॅमसची बाहेरची कडा म्हणजे नुसतं पेशींचं गाव नाही. मेंदूच्या मागच्या भागातून पुढच्या भागाकडे जाणारा मोठा रस्ता तिथून जातो. विजेच्या तारेला पेशी आणि रस्ता यांतला फरक कळत नाही, ती दोन्ही जाळते. घाटात दरड कोसळली आणि शहरात भाजी आली नाही, तर भाजी घाटातच पिकत होती असं आपण म्हणत नाही. मेंदूच्या बाबतीत मात्र ही चूक वर्षानुवर्षं झाली.

रस्ता दिसायला लागला तो स्वीडनमध्ये. फाल्क आणि हिलार्प यांनी १९६२च्या सुमारास अशी पद्धत काढली की मेंदूचा वाळवलेला पातळ काप फॉर्मल्डिहाइडच्या वाफेत ठेवून अतिनील प्रकाशाखाली पाहिला तर डोपामिन, म्हणजे चेतापेशी एकमेकींना निरोप द्यायला वापरतात असं एक रसायन, असलेले तंतू हिरवे चमकतात. मध्यमेंदूतल्या सबस्टॅन्शिया नायग्रा या गडद रंगाच्या भागापासून हे तंतू निघतात आणि पुढे हालचालींशी संबंधित स्ट्रायटम या भागापर्यंत जातात, आणि जाताना नेमके त्या बदनाम ठिपक्यामधून किंवा त्याला खेटून जातात. पार्किन्सनच्या आजारात हाच रस्ता झिजतो.

स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या उर्बान उंगरश्टेट यांनी मग वीज बाजूला ठेवली. ६-हायड्रॉक्सीडोपामिन नावाचं रसायन डोपामिनसारखं दिसतं, डोपामिनच्या पेशी त्याला आपलं समजून आत घेतात आणि मरतात. शेजारच्या बाकीच्या पेशींना फारसा धक्का लागत नाही. त्यांनी हे दोन्ही बाजूंना वापरून फक्त तो रस्ता तोडला. निकाल १९७१ मध्ये आला. उंदरांनी खाणं सोडलं, पिणं सोडलं, हालचाल सोडली. नळीने जगवलं नाही तर मेले. हायपोथॅलॅमसच्या पेशींना हातही न लावता तोच उंदीर, त्याच कोपऱ्यात, तसाच कमान होऊन बसलेला. मायकेल झिग्मंड आणि एडवर्ड स्ट्रिकर यांनी पुढे दाखवलं की डोपामिनचा साठा नव्वद टक्क्यांहून जास्त गेला तर हेच होतं, परतीचे टप्पेही तेच असतात, आणि बऱ्या झालेल्या उंदराला डोपामिन बनणं रोखणारं औषध दिलं की तो पुन्हा पहिल्या दिवसाकडे घसरतो.

हलायचं कसं, हे विसरलेला प्राणी

आता समासातल्या नोंदी मधोमध आल्या. आणि श्रेय द्यायलाच हवं, त्या आणणाऱ्यांत स्वतः टायटेलबॉम पुढे होते. आपल्याच निष्कर्षाला प्रश्न विचारणं सोपं नसतं.

१९७१ मध्ये मार्शल, टर्नर आणि टायटेलबॉम यांनी मुद्दाम एकाच बाजूला जखम केलेले उंदीर तपासले. हे खात-पीत होते. पण जखमेच्या उलट बाजूच्या मिशांना स्पर्श केला, तिकडून वास दिला, तिकडून काही दाखवलं, तर उंदीर वळायचा नाही. दुसऱ्या बाजूला तेच केलं की झटकन मान वळवून चावायला यायचा. उंदराचं अर्धं जग गायब झालं होतं. मग दोन्हीकडे जखम असलेल्याचं काय होत असेल? त्याच्या नाकाशी लटकलेला थेंब त्याच्यासाठी जणू तिथे नव्हताच.

पुढची निरीक्षणं जास्त चकित करणारी आहेत. मार्शल, लेव्हिटन आणि स्ट्रिकर यांनी १९७६ मध्ये असे निश्चल उंदीर थंड पाण्याच्या टाकीत सोडले. जो पिंजऱ्यात एक पाऊल उचलत नव्हता तो पोहू लागला, नीट, हातपाय ताळमेळाने मारत. मांजरांच्या किंवा इतर उंदरांच्या घोळक्यात ठेवला तरी हलला. बाहेर काढून ठेवल्यावर थोड्या वेळाने पुन्हा पुतळा. शेपटीला हलका चिमटा लावून ठेवला तर असा उंदीर समोरचं अन्न खातो, असंही अनेकांनी नोंदवलं. स्नायू शाबूत, नसा शाबूत, पोहण्याचं ज्ञान शाबूत. गेलं होतं ते आतून सुरुवात करणं. पार्किन्सनच्या रुग्णांत डॉक्टरांनी हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून पाहिलं आहे: दारात पाय खिळलेला माणूस जमिनीवर आडव्या पट्ट्या आखल्या की त्या ओलांडत चालत जातो. घरात असं माणूस असलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. पाण्याचा पेला टेबलावर आहे आणि हात उठत नाही, यावरून ‘त्यांना नको असेल’ असं ठरवणं किती घाईचं आहे, हे मला या उंदरांनी शिकवलं.

इलान गोलानी, डेव्हिड वोल्गिन आणि टायटेलबॉम यांनी १९७९ मध्ये सावरणाऱ्या उंदरांच्या हालचालींचं बारकाईने वर्णन केलं. ते वर्णन वाचताना डोळ्यांपुढे उंदीर उभा राहतो. सपाट जागेवर ठेवलेला प्राणी आधी काहीच करत नाही. मग डोकं किंचित डावीकडे. परत मध्ये. किंचित उजवीकडे. प्रत्येक फेरीत झोका थोडा मोठा होतो. नाक जमिनीला टेकलेलं, त्या स्पर्शाच्या आधाराने चाललेलं. डोक्याचा झोका वाढत वाढत मानेला ओढतो, मग छातीला, मग पुढचे पाय सरकतात, आणि सगळ्यांत शेवटी मागचे पाय. आडवी हालचाल आधी येते, पुढे सरकणं नंतर, मान वर उचलणं आणखी नंतर. धडधाकट उंदीर अनोळखी जागी ठेवला तर तोही याच पायऱ्यांनी जागा हुंगतो, फक्त सगळं काही क्षणांत उरकतो. आजारी उंदरात तीच गोष्ट दिवसांच्या अंतराने उलगडते.

आता पहिल्या दृश्याकडे परत जा. नळी बोटभर अंतरावरच आहे, पण किंचित वर आहे. ज्याची मान अजून फक्त आडवी हलते, त्याच्यासाठी तो थेंब पोहोचण्यापलीकडचा आहे. पिणं ही एक कृती नाहीच: वळणं, हुंगणं, पुढे होणं, मान वर करणं, जीभ बाहेर काढणं, चाटणं, गिळणं, अशी ती साखळी आहे. यातली कुठलीही कडी सुटली तरी बाहेरून दिसतं ते एवढंच, ‘पाणी पीत नाही’.

मग तहान कुठे असते?

इथपर्यंत आल्यावर एक मोह होतो: हायपोथॅलॅमसचा तहानेशी संबंधच नाही, सगळा खेळ डोपामिनचा. १९७०च्या दशकात बऱ्याच जणांनी जवळजवळ तसंच म्हटलं. मला हे पहिल्या चुकीइतकंच उतावीळ वाटतं.

कारण उलट बाजूचा पुरावाही भक्कम होता. बेंग्ट आंदेर्सन यांनी स्टॉकहोममध्येच, १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला, जाग्या शेळ्यांच्या हायपोथॅलॅमसमध्ये खारट द्रावणाचा थेंबापेक्षाही कमी अंश सोडला होता. पोटभर पाणी प्यायलेल्या शेळ्या थोड्याच वेळात बादलीत तोंड घालून कित्येक लिटर पाणी प्यायल्या. मॅककॅन यांच्याबरोबर १९५५ मध्ये त्यांनी त्या जागी सौम्य वीज दिली तेव्हा काही शेळ्यांनी शरीराच्या वजनाच्या ४० टक्क्यांपर्यंत जादा पाणी पोटात घेतलं. कोणतीही शेळी स्वतःहून असं करत नाही. तिचं अंग निरोगी होतं, हालचाल निरोगी होती. बाहेरून आत घातला गेला तो फक्त एक संदेश.

अर्थात वीज देऊन मिळालेल्या उत्तरांतही सापळे असतात. व्हॅलेनस्टाइन, कॉक्स आणि काकोलेव्स्की यांनी १९६८ मध्ये दाखवलं की कडेच्या हायपोथॅलॅमसला वीज दिल्यावर पाणी पिणाऱ्या उंदराची बाटली काढून घेतली आणि तीच वीज देत राहिलं, तर काही वेळाने तो अन्न खाऊ लागतो किंवा लाकूड कुरतडू लागतो. नंतर बाटली परत दिली तरी नवी कृती टिकून राहते. तहानेचा लाडू तिथे असता तर लाकडाने भागलं नसतं. वीज देत होती ती काहीतरी करण्याची ऊर्मी. कशाकडे वळायचं ते समोर काय आहे यावर ठरत होतं.

१९७०च्या दशकाच्या शेवटी पेशी मारणारी पण आरपार जाणारे तंतू वाचवणारी रसायनं हाती आली. ग्रॉसमन आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये कायनिक आम्ल वापरून कडेच्या हायपोथॅलॅमसच्या पेशीच तेवढ्या मारल्या, तर खाणं-पिणं तरीही बिघडलं. विन, टारबक आणि डनेट यांनी १९८४ मध्ये इबोटेनिक आम्ल वापरलं. या उंदरांच्या हालचालीत दोष नव्हता, रोजचं खाणं-पिणं बऱ्यापैकी चालू होतं. पण एकाएकी शरीराचं पाणी किंवा साखर बिघडवली, तर जो प्रतिसाद यायला हवा तो येत नव्हता. म्हणजे जुन्या जखमेत दोन वेगवेगळी नुकसानं एकमेकांत मिसळली होती. रस्ता तुटल्यामुळे अंग उठत नव्हतं. पेशी गेल्यामुळे शरीराच्या आतल्या निकडीला उत्तर मिळत नव्हतं. एकाच तारेने दोन्ही जाळल्यामुळे तीस वर्षं एकच रोग दिसत राहिला.

खुद्द तहानेची चाहूल लागते ती थोडी पुढे, हायपोथॅलॅमसच्या समोरच्या कडेला, मेंदूतल्या तिसऱ्या पोकळीच्या पुढच्या भिंतीत. तिथल्या काही भागांत रक्त आणि मेंदू यांच्यामधला नेहमीचा पडदा नसतो, त्यामुळे रक्त किती खारट झालं हे त्या पेशी थेट चाखतात. रक्तातल्या क्षारांची तीव्रता एक-दोन टक्क्यांनी वाढली तरी त्या जाग्या होतात. मूत्रपिंडाने पाणी धरून ठेवावं म्हणून व्हासोप्रेसिन नावाचं संप्रेरक सोडलं जातं, आणि माणूस उठून माठाकडे जातो. रक्त कमी पडलं की तयार होणारं अँजिओटेन्सिन हे संप्रेरकही याच भिंतीशी निरोप आणतं. एपस्टाइन, फिट्झसिमन्स आणि रोल्स यांनी १९७० मध्ये ते मेंदूत टोचून पोट भरलेल्या उंदरांना पाणी प्यायला लावलं. आणि २०१५ मध्ये चार्ल्स झुकर यांच्या गटाने उंदरांच्या या भिंतीतल्या ठरावीक पेशी प्रकाशाने चेतवल्या, तर तहान नसलेला उंदीर लगेच चाटू लागला. शेजारच्या दुसऱ्या प्रकारच्या पेशी चेतवल्या, तर तहानलेला उंदीर चाटायचा थांबला.

म्हणजे निरोप एका ठिकाणी जन्मतो, आणि पाय उचलणारी ताकद दुसऱ्या रस्त्याने येते. हायपोथॅलॅमसची कडा ही दोघांची गाठ पडण्याची जागा. याचा सगळ्यांत स्वच्छ नमुना झोऊ आणि पामिटर यांनी १९९५ मध्ये तयार केला: जन्मापासून डोपामिन बनवूच न शकणारे उंदीर. त्यांच्या मेंदूला कुणी तार लावलेली नाही, जखम नाही. तरीही ते हळूहळू हलेनासे होतात, पीत नाहीत, खात नाहीत, आणि काही आठवड्यांत मरतात. त्यांना एल-डोपाची, म्हणजे शरीरात ज्याचं डोपामिन बनतं त्या औषधाची, सुई दिली की काही तास ते हिंडतात, खातात, पाणी पितात. औषध उतरलं की पुन्हा कोपरा.

राहिला तो चौथ्या टप्प्यातला बरा झालेला उंदीर, ज्याला खारट सुई टोचूनही पाणी सुचत नव्हतं आणि ज्याच्या नावापुढे ‘तहान परतली नाही’ असा शेरा पडला होता. स्ट्रिकर यांनी १९७६ मध्ये त्याची परीक्षा वेगळ्या रीतीने घेतली. एकदम जबर धक्का देऊन घड्याळ लावून पाहण्याऐवजी पाण्याची गरज सावकाश वाढू दिली आणि उत्तराला वेळ दिला. अशा परीक्षेत हे उंदीर पाणी पिऊ लागले. पहिल्या परीक्षेत सुई, धक्का आणि थोडक्या तासांची मुदत होती, आणि एवढ्या ओझ्याखाली ते पुन्हा गोठत होते. तहान त्यांना होती. तिच्यापर्यंत पोहोचायला त्यांना बाकीच्यांपेक्षा जास्त वेळ लागत होता, आणि तोवर निरीक्षकाने वही मिटलेली असायची.